झंझ राजाची बारा मंदिरे : अंबरनाथच्या मोजपट्टीवर

सह्याद्रीत भटकणाऱ्या बहुतेकांनी झंझ राजाच्या बारा शिवमंदिरांची कथा ऐकलेली असते. उत्तर कोकणच्या या शिलाहार राजाने गोदावरीपासून भीमेपर्यंतच्या बारा नद्यांच्या उगमांशी प्रत्येकी एक शिवालय बांधले, असे त्या कथेत सांगितले जाते. रतनवाडीचा अमृतेश्वर, खिरेश्वरचा नागेश्वर, पूर गावचा कुकडेश्वर, हरिश्चंद्रगडावरचा हरिश्चंद्रेश्वर ही नावे बहुतेक याद्यांत असतात, उरलेल्या नावांबाबत मात्र याद्यांचे एकमत नाही. ठाणे म्हणजे शिलाहारांचे श्रीस्थानक, त्यामुळे येथे राहणाऱ्या माणसाला या यादीचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. मीही त्याच ओढीने ही मंदिरे पाहू लागलो. परंतु जसजसा दगड पाहत गेलो, तसतसा कथेवरचा विश्वास कमी होत गेला. या नोंदीत त्याची कारणे मांडत आहे.

कथेला आधार अजिबात नाही, असे नव्हे. खारेपाटण येथे मिळालेल्या अनंतदेव शिलाहाराच्या शके १०१६ च्या ताम्रपटात, झंझाने शंभूची बारा मंदिरे स्वतःच्या नावाने बांधली आणि ती जणू स्वर्गाच्या वाटेवरील पायऱ्या होत, अशा आशयाचे वर्णन आहे. मात्र त्यात गावांची नावे नाहीत आणि नद्यांच्या उगमांचा उल्लेखही नाही. शिवाय मंदिरे राजाच्या नावाने बांधली असतील, तर त्यांपैकी एखादे तरी त्या नावाने ओळखले जायला हवे होते. आजच्या प्रचलित यादीतील एकाही प्रमुख मंदिराला तसे नाव नाही. झंझाचा काळ दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. अरब प्रवासी अल-मसूदी इ.स. ९१६ मध्ये सैमूर, म्हणजे आजच्या चौलला आला, तेव्हा तेथे याच राजाची सत्ता असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे.

काळ ठरवण्यासाठी तारखेचे एक मंदिर हाताशी असावे लागते आणि सुदैवाने ते आपल्या लोकलच्या मार्गावरच आहे. अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हे वर्ष आणि मुम्मुणी ऊर्फ माम्वाणी या शिलाहार राजाचे नाव आहे. या मंदिराचे गर्भगृह सभामंडपाच्या पातळीवर नाही, सुमारे वीस पायऱ्या उतरून खाली जावे लागते. आणि वर पाहिले तर शिखराचा माथा खुला असल्याने प्रकाश थेट पिंडीवर उतरतो. बाहेरून जे शिखर उरले आहे ते भूमिज पद्धतीचे आहे. मधोमध वर चढत जाणारा जाळीदार नक्षीचा पट्टा, ज्याला लता म्हणतात, आणि दोन लतांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या एकावर एक चढणाऱ्या रांगा, ही त्याची खूण. भिंती इतक्या कोनांत मोडलेल्या आहेत की दुपारच्या तिरप्या उन्हात प्रत्येक कोनाची सावली वेगळी पडते. छायाचित्रे काढायची असतील तर हीच वेळ निवडावी. सोमवार टाळावा आणि महाशिवरात्रीला जायचे ते केवळ दर्शनासाठी. शेजारच्या वालधुनीची आजची अवस्था पाहून मात्र मान खाली जाते.

हे शिखर डोळ्यांत साठवून भंडारदऱ्यामार्गे रतनवाडीला जावे. कसारा घाट, इगतपुरी आणि घोटी असा हा रस्ता आहे. रतनगडाच्या पायथ्याशी असलेल्या अमृतेश्वराचे शिखर अंबरनाथपेक्षा पुष्कळच शाबूत आहे, त्यामुळे अंबरनाथला जे तुटलेले दिसते ते पूर्ण झाल्यावर कसे दिसले असते, याची कल्पना येथे येते. पावसाळ्यात गर्भगृहात पाणी भरून पिंडी बुडते. मंदिराजवळच्या पुष्करिणीच्या कोनाड्यांत मूर्ती आहेत आणि मंदिराइतकाच वेळ तिलाही द्यावा, असे माझे मत आहे. बहुतेक लोक धबधब्यांच्या घाईत तिच्याकडे पाहतही नाहीत.

खिरेश्वरचा नागेश्वर आकाराने लहान आहे. मुरबाड, टोकावडे, माळशेज घाट आणि खुबी फाटा असे गेल्यावर पिंपळगाव जोगे धरणाच्या जलाशयाजवळ तो लागतो. येथे मान वर करून छत पाहावे : आपापल्या शक्तींसह कोरलेल्या देवतांचे चौकोनी पट तेथे आहेत. आत अंधार असल्याने चांगली विजेरी न्यावी आणि तिचा झोत समोरून न टाकता बाजूने टाकावा, म्हणजे उठाव स्पष्ट होतो. चावंड किल्ल्याजवळच्या कुकडेश्वराचे मूळ शिखर राहिलेले नाही, त्यामुळे तुलनेसाठी भिंती आणि खांब यांवरच भर द्यावा लागतो.

आता मुख्य मुद्दा. भूमिज शिखराची पद्धत माळव्यात परमारांच्या काळी बहरली. मध्य प्रदेशातील उदयपूरचे उदयेश्वर मंदिर हे तिचे प्रसिद्ध उदाहरण अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहे. अंबरनाथ १०६० चे. असे असताना त्याच घडणीचा अमृतेश्वर सव्वाशे-दीडशे वर्षे आधीच्या झंझाच्या नावावर टाकणे मला पटत नाही. शिवाय ही ठिकाणे घाटमाथ्यावर आणि त्यापलीकडे आहेत, जेथे पुढे यादवांचे वर्चस्व होते. सिन्नरचा गोंदेश्वर हा यादवकालीन भूमिज मंदिराचा नमुना तेथून फार दूर नाही. म्हणून माझ्या वहीत मी ‘झंझ’ हा शब्द खोडून पुढे फक्त ‘अकरावे-बारावे शतक’ असे लिहिले आहे. यादी उपयोगाची नाही, असे मात्र मुळीच नाही. तिच्यामुळेच कुकडेश्वरासारख्या आडवाटेच्या मंदिरापर्यंत पावले जातात.

पुढचा टप्पा हरिश्चंद्रगडाचा आहे. पाऊस ओसरल्यावर खिरेश्वरहून टोलार खिंडीने चढणार आहे. प्रत्येक ठिकाणी पीठ (जोते), जंघा (बाहेरची भिंत), द्वारशाखा (दाराची कोरीव चौकट), स्तंभ आणि वितान (छत) याच क्रमाने छायाचित्रे घेतो, कारण क्रम एक असेल तरच दोन मंदिरांचे तेच भाग शेजारी ठेवून पाहता येतात. ज्यांच्याकडे कुकडेश्वराच्या द्वारशाखेची जवळून घेतलेली चांगली छायाचित्रे असतील, त्यांनी ती अवश्य दाखवावीत. अंबरनाथच्या द्वारशाखेशी ताडून पाहण्याचे काम बाकी आहे.