‘टू’मध्ये दडलेला नकार

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचे पत्र आले, तेव्हा सर्वांत आधी आठवला तो माझ्या नववीच्या निबंधवहीतला, लाल शाईने गोल केलेला इंग्रजीतला एक ‘टू’ (too). आवडत्या शिक्षकांवर इंग्रजीत निबंध लिहिताना, सरांना बरे वाटावे या उघड हेतूने, मी ‘अवर टीचर इज टू काइंड’ असे वाक्य लिहिले होते. सरांनी मला टेबलाजवळ बोलावले आणि गंभीर चेहऱ्याने विचारले, “मग किती कमी करू, तेही सांग.”

‘टू’ म्हणजे जोरकस ‘व्हेरी’, अशीच आम्हा सर्वांची समजूत होती. तिला मराठीचाही थोडा हातभार होता, कारण आपले ‘फार’ कौतुकाला चालते तसे तक्रारीलाही चालते, आणि ‘पेटी फार जड आहे’ म्हणणारा नुसते वजन सांगतो आहे की उचलायला नाही म्हणतो आहे, हे त्याच्या सुरावरूनच ओळखावे लागते. इंग्रजीत ‘व्हेरी हेवी’ पेटी घाम गाळून का होईना उचलता येते. ‘टू हेवी’ म्हटले की ती झेपण्यापलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर ‘द बॉक्स इज टू हेवी टू लिफ्ट’ असे लिहून त्यातला नकार शोधायला सांगितला. ‘नॉट’ कुठेच दिसेना. मग त्यांनी त्याखाली ‘द बॉक्स इज सो हेवी दॅट आय कॅनॉट लिफ्ट इट’ हे वाक्य लिहिले आणि त्यातल्या ‘कॅनॉट’वर खडू टेकवून, हाच नकार वरच्या वाक्यात पहिल्या ‘टू’च्या पोटात आहे, असे सांगितले. शेवटचे ‘इट’ दुसऱ्या वाक्यात हवेच आणि पहिल्यात चालत नाही, हेही तेव्हाच कळले. परीक्षेत वाक्यरूपांतर करताना आमचे गुण जात, ते बहुधा या ‘इट’पायीच.

देवनागरीत दोन्ही ‘टू’ सारखेच दिसतात, पण इंग्रजी लेखनात अतिरेकाच्या ‘टू’ला एक ‘ओ’ अधिक असतो. “अतिरेकाचा शब्द, म्हणून अक्षरही जास्तीचे,” असे सर सांगत. मूळ शब्द एकच असून, जोर देऊन उच्चारल्या जाणाऱ्या रूपाचे स्पेलिंग 16व्या शतकात वेगळे झाले, हे मी पुढे वाचले. तरी लक्षात राहिली ती सरांचीच व्युत्पत्ती. मोजता येणाऱ्या नामांना ‘टू मेनी’ आणि न मोजता येणाऱ्यांना ‘टू मच’, हा नियम त्यांनी एका तासात उरकला. ‘एक्सेसिव्हली’ आणि ‘अनड्यूली’ हे ‘टू’च्याच अर्थाचे भारदस्त शब्द निबंधात दिसले, की ते समासात नुसते ‘टू?’ लिहीत.

नोकरीत एका पत्रात ‘ओन्ली टू ग्लॅड टू हेल्प’ असे वाचले, तेव्हा सवयीने मी त्यातला नकार शोधू लागलो. तो नव्हताच, मदत अगदी आनंदाने देऊ केलेली होती. हा अपवाद सरांना दाखवायचा राहून गेला. स्मरणिका समितीला मात्र मी मराठीतूनच ‘फार आनंद झाला’ असे कळवले आहे.