खड्डा, फुगा आणि चार चाकं: नाना पेठ ते कुर्ला

ऑगस्टमध्ये गावाहून परतताना पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही आणि पुढचं डावं चाक त्यात जोरात आदळलं. मागे झोपलेली मुलगी दचकून उठली. गाडी सरळ चालत होती म्हणून मी थांबले नाही. घरी आल्यावर बाबांनी चाकाशेजारी बसून बघितलं आणि म्हणाले, "डिस्कची कड आत गेलीय, टायरला फुगा आलाय. आणि ह्याच्यावर तू पोरीला घेऊन एवढी आलीस?"

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण मला रात्रभर झोप लागली नाही. डिस्क म्हणजे टायर जिच्यावर बसतो ती लोखंडी रिम. फुगा म्हणजे साइडवॉलच्या, टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, आतले दोरे तुटलेले असतात आणि तिथे हवा नुसत्या रबरावर तोललेली असते. तो दुरुस्त होत नाही. कोणी आतून पॅच मारून देतो म्हणाला तरी त्याच्याकडून उठून यावं. स्टेपनी चढवली आणि गाडी शहरातल्या कामांपुरतीच काढायची असं ठरलं.

आमची स्विफ्ट २०१५ची, व्हीएक्सआय. आधी विमा कंपनीला फोन केला. नेहमीच्या पॉलिसीत नुसत्या टायरचं नुकसान धरत नाहीत. त्याच अपघातात गाडीलाही मार बसला असेल तरच टायरचे पैसे मिळतात, तेही निम्मे. टायरसाठी वेगळं ॲड-ऑन असतं, ते आम्ही घेतलेलं नव्हतं. म्हणजे खर्च आपलाच.

बाबांचं म्हणणं साधं होतं: एक डिस्क, एक टायर, संपलं. पण मी बाकीच्या टायरवरचे आकडे वाचले. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे. आमच्यावर ३२१९ होतं, म्हणजे २०१९चा बत्तिसावा आठवडा. सहा वर्षं झाली होती. ही चौकट बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असते. ती आतल्या अंगाला गेली असेल तर गाडीखाली वाकून मोबाइलच्या उजेडात बघावं लागतं, पण बघावंच. नक्षी अजून बरी दिसत होती, मात्र नक्षीच्या तळाशी बारीक भेगा पडल्या होत्या. "नक्षी आहे की अजून," असं बाबा दोनतीनदा म्हणाले. एसटीत पुढे नवीन टायर आणि मागे रिट्रेड, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवलेले, लावण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे टायर टाकून देणं त्यांच्या जिवावर येतं. पण बसला मागे जोडचाकं असतात, आपल्या गाडीला एका बाजूला एकच. चारही बदलायचे, हे शेवटी त्यांनीच मान्य केलं.

चारही टायर बदलायचेच तर डिस्कऐवजी अलॉय, म्हणजे मिश्रधातूच्या रिम, घ्यावेत का, हा विचार तिथून सुरू झाला. आधीच सांगते, अलॉय ही गरज नाही. बजेट ताणलेलं असेल तर लोखंडी डिस्क ठेवा आणि सगळे पैसे टायरवर घाला. मला थोडा रुंद टायर हवा होता, कारण पावसात जुना अरुंद टायर ब्रेकला घसरायचा. आणि हो, गाडी छान दिसावी असंही वाटत होतं.

घराजवळच्या दुकानदाराने लगेच १६ इंची चकाचक सेट दाखवला. चार रिम आणि टायर मिळून साठ हजारांच्या पुढे! घरी येऊन मी हिशोब मांडला. आमचं मूळ माप १६५/८० आर१४. म्हणजे टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, तिच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर रबराची उंची आणि १४ इंची रिम. सगळं मिळून चाकाचा व्यास साधारण ६२० मिलिमीटर. याच स्विफ्टच्या झेडएक्सआयला, म्हणजे वरच्या व्हेरियंटला, कंपनी १८५/६५ आर१५ द्यायची, त्याचा व्यास ६२१.५ भरतो. फरक पाव टक्क्याच्या आसपास, त्यामुळे स्पीडोमीटर जवळपास तितकाच बरोबर राहतो. दुकानदाराचं १९५/५५ आर१६ हे मापही व्यासात बसत होतं, पण रबराची उंची १०७वर येत होती. खड्ड्याचा मार आधी रबर झेलतं, मग रिम. आमच्या रस्त्यांवर पंचवीस मिलिमीटर रबर कमी करायची माझी तयारी नव्हती. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे कंपनीने ठरवलेल्या गोष्टी मनाने बदलता येत नाहीत. आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचं माप घेतलं की तो घोर उरत नाही. स्विफ्टच्या झेडएक्सआयमधले कंपनीचे १५ इंची अलॉय शोधायचे, असं नक्की झालं.

पहिला रविवार नाना पेठेत गेला. पुण्यात गाडीचा कुठलाही पार्ट म्हटलं की पाय तिकडेच वळतात. पण रविवारी बरीच दुकानं बंद, हे आमच्या लक्षात आलं नाही. पुन्हा मंगळवारी गेलो. लोखंडी डिस्क मुबलक होत्या, अलॉय कमी, आणि जे होते ते दुसऱ्या गाड्यांचे. तिथे एकाने जुने टायर दाखवले, काळेभोर, पॉलिशने चमकणारे, बाराशेला एक. बाबांनी एका खाचेत अंगठा फिरवला आणि टायर खाली ठेवला. टायरच्या खोल खाचांमध्ये ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात, बाजूला टीडब्ल्यूआय लिहून त्यांची जागा दाखवलेली असते. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर उरलं, टायर बदलायचा. या टायरमध्ये ते उंचवटेच कापले गेले होते. गोटा झालेल्या टायरला गरम कटरने नवी नक्षी कोरली होती. "ताई, सहा महिने आरामात जाईल," दुकानदार म्हणाला. मला बोलवेना. कुणीतरी पैशाच्या चणचणीपायी हे घेऊन एक्स्प्रेसवेवर जाणार, हेच डोळ्यांसमोर येत होतं. वापरलेली रिम तपासून घेता येते. वापरलेला टायर मी कधीही घेणार नाही.

मग कुर्ला. तिथल्या सीएसटी रोडवर ॲक्सेसरीज, टायर, जुन्या-नव्या रिम यांची दुकानं ओळीने आहेत. माझा मावसभाऊ कलिन्याला राहतो. त्याची गाडी घेऊन आम्ही तिघं सकाळीच गेलो. बाबांनी पिशवीत व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, घेतलं होतं. मला ते उगाच वाटलं, पण पहिल्याच दुकानात त्याने आमचे पैसे वाचवले.

दुकानदाराने होंडाच्या गाडीतून काढलेले १५ इंची सुंदर अलॉय पुढे केले. "चार छेद, सौ पीसीडी, आँख बंद करके लगाओ." पीसीडी म्हणजे नटांच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. स्विफ्टला चार नट आणि १०० मिलिमीटर पीसीडी, होंडाच्या छोट्या गाड्यांनाही तेच. पण मधलं मोठं भोक, ज्यात गाडीचा हब, म्हणजे चाक जिथे लागतं तो मधला गोल भाग, बसतो, स्विफ्टचं ५४.१ आणि या होंडाचं ५६.१. बाबांनी व्हर्नियर लावून दाखवलं. रिम चढली असती, नटही आवळले गेले असते, पण चाक हबवर बसण्याऐवजी नुसत्या नटांवर तोललं असतं आणि वेगात स्टिअरिंग थरथरलं असतं. मधली फट भरायला हब रिंग मिळते, त्याच्याकडे त्या मापाची नव्हती. नटांचंही तसंच आहे: दोन्ही १२ मिलिमीटरचे, पण मारुतीच्या आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ आणि होंडाचा १.५. चुकीचा नट जोर लावून फिरवला की स्टडचे आटे गेलेच.

सहाव्या दुकानात झेडएक्सआयचे अलॉय मिळाले. मागच्या बाजूला कंपनीचं ओतीव नाव, किंचित खरचटलेली कड. चारांचे सोळा हजार सांगितले, चौदावर आले. पैसे देण्याआधी आम्ही एक अट घातली: चारही रिम शेजारच्या दुकानात बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघणार. तिथल्या चाचाने रिममागे शंभर रुपये घेतले. दोन अगदी सरळ फिरल्या. तिसरीची आतली कड लाटेसारखी हलत होती. उलटी करून बघितली तर ताज्या चंदेरी रंगाखाली वेल्डिंगची रेघ. रिम समोरून नेहमी चांगलीच दिसते, तिची खरी हकीकत मागच्या बाजूला असते. दुकानदाराने वाद न घालता दुसरी काढून दिली, तीही फिरवली, मग चौथी. दीड तास गेला. नवे अलॉय घेणार असाल तर आयएसआयचं चिन्ह आणि आयएस १६१९२ हा क्रमांक बघा. तो नसेल तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका.

टायरसाठी मात्र थांबलो. २०२५च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला जाहीर झालं की २२ तारखेपासून टायरवरचा जीएसटी २८वरून १८ टक्के होणार. पुण्यात कंपनीच्या अधिकृत डीलरने आधी साडेपाच हजारांच्या वर सांगितलेला टायर नंतर पाच हजार दीडशेला आला. चार टायर २०,६००. भारतीय कंपनीचा, मधल्या किमतीतला. पक्कं बिल घेतलं, कारण पुढे टायरमध्ये दोष निघाला तर बिलाशिवाय वॉरंटी मिळत नाही. घेण्याआधी चारही टायरवरचा आठवडा वाचला. एकावर आदल्या वर्षीचा होता, तो बदलून मागितला आणि त्यांनी दिला. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, तोही बघितला: मूळचा ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, नवा ८८ म्हणजे ५६०. तो मूळपेक्षा कमी कधीच नसावा.

बसवणं, नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट मिळून चौदाशे. नायट्रोजनला नको म्हटलं. साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो, दर पंधरा दिवसांनी हवा तपासणं जास्त महत्त्वाचं. बसवणाऱ्या मुलाने नट एअरगनने आवळायला घेतले तेव्हा बाबा म्हणाले, "बाळा, शेवटचं हाताने आवळ." त्याने टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोराने आवळायचा पाना, आणला आणि समोरासमोरचे नट आवळले. शंभरेक किलोमीटर झाल्यावर ते घरी पुन्हा तपासले. त्यातला एक पाव फेरा फिरला.

रिम, टायर, मजुरी मिळून छत्तीस हजार. गाडी वळणावर घट्ट बसते, ओल्या रस्त्यावर ब्रेकचा विश्वास वाटतो. स्टिअरिंग पार्किंगमध्ये किंचित जड झालंय, ॲव्हरेजही थोडं उतरलंय. स्टेपनी जुनीच १४ इंची ठेवली, व्यास जवळपास सारखा असल्याने अडल्या वेळी चालते. फक्त तिच्यावरचा टायर जुना आहे, तो दिवाळीनंतर बदलणार आहोत.

तीन सरळ डिस्क सातशेला एक अशा विकल्या गेल्या. टायरवाला जुने टायरही ठेवून घ्यायला तयार होता, प्रत्येकी दोनशे देत होता. बाबांनी त्याच्याकडून सुरी मागून घेतली. फुगा आलेल्या टायरपासून सुरुवात करून त्यांनी चारही टायरच्या साइडवॉल आरपार कापल्या. त्याला वेळ लागला, दोनदा मध्ये दम घेतला. मग म्हणाले, "आता दे कुणालाही."