ग्रंथपालाच्या मुलीचे लग्न ग्रंथालयात कसे?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. बेळगावात कोणत्याही लग्नाच्या पंगतीला बसलो की शेजारचा कोणीतरी हा विषय काढतोच: जन्मभर ‘शांतता राखा’ म्हणत वावरलेल्या ग्रंथपालाने पोटच्या मुलीचे लग्न ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात कसे लावू दिले? विचारणाऱ्याला उत्तरापेक्षा माझी अडचण पाहण्यात अधिक रस असतो, हे मला कळते.

लग्न पुस्तकांच्या कपाटांमध्ये लागलेले नाही. ‘डिव्हिनिटी स्कूल’ हे दालन पंधराव्या शतकात धर्मशास्त्राच्या अध्यापनासाठी बांधलेले; पुस्तकांची जागा त्याच्या वरच्या मजल्यावर, १४८८ साली खुल्या झालेल्या ड्यूक हम्फ्री ग्रंथालयात. खालचे दालन विद्यापीठ रीतसर भाड्याने देते. तिथे होम का केला नाही, असे आमच्या आत्या अजून विचारतात. बॉडलियनच्या वाचकाला, ग्रंथालयात विस्तव आणणार नाही आणि पेटवणारही नाही, अशी प्रतिज्ञा करावी लागते. शिवाय इंग्लंडच्या कायद्याने अशा जागेतील नागरी विवाहात धार्मिक विधी चालत नाहीत. म्हणून सह्या आणि वचने तिकडे झाली, आणि लाजाहोम, सप्तपदी व तुमची पंगत टिळकवाडीतल्या कार्यालयात.

पण तुमचा रोख त्यावर नसतो. मी नोकरीत असताना व्यवस्थापनाला दिलेल्या अर्जातले ‘ग्रंथालय ही भाड्याने देण्याची वस्तू नव्हे’ हे वाक्य तुम्ही मला ऐकवता. ते कशावरून लिहिले, हे मात्र कोणी विचारत नाही.

पदवी परीक्षा चालू होत्या. एका विश्वस्तांच्या घरच्या स्वागत समारंभासाठी वाचनकक्ष रिकामा करून द्यावा, असा तोंडी निरोप आला. मी लेखी आदेश मागितला. तो आला नाही. कार्यालयातल्या दुसऱ्या जुडग्यातून किल्ली मात्र गेली. दुपारी टेबले व्हरांड्यात आली, संध्याकाळी त्याच व्हरांड्यात आचाऱ्यांनी शेगड्या मांडल्या, आणि गॅसची सिलिंडरे जिथे टेकवली त्या भिंतीच्या आत जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली होत्या. १९५६ च्या १ नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, त्या दिवसांचे अंक त्यांत होते. सीमाप्रश्नावर सभेत गळा काढणारे दोघे-तिघे त्या रात्री तिथेच गुलाबजाम खात उभे होते, आणि भिंतीपलीकडे काय आहे हे त्यांना मी सांगितले तेव्हा त्यांनी मला ताट घेण्याचा आग्रह केला. सायकल स्टँडच्या दिव्याखाली मुले अभ्यासाला बसली होती. खानापूरकडच्या खेड्यातून येणाऱ्या एका मुलीने विचारले, ‘सर, उद्या तरी उघडणार का?’ माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण किल्लीच माझ्याकडे नव्हती. अक्षता कपाटांच्या खालच्या फटींत गेल्या, त्यांच्या मागे उंदीर आले, आणि तांदूळ संपल्यावर त्यांनी पुस्तकांच्या बांधणीतली खळ कुरतडायला घेतली. त्या भाड्याची पावती मी कधी पाहिली नाही.

तेव्हा ते वाक्य मी मागे घेत नाही. बॉडलियनची गोष्ट वेगळी, असे मी लेकीला सांगत आलो. १६४५ साली खुद्द राजा पहिला चार्ल्स याने मागितलेले पुस्तक त्या ग्रंथालयाने नियमावर बोट ठेवून बाहेर दिले नव्हते. आमच्याकडे विश्वस्ताच्या निरोपावर कक्षच गेला. तिच्या लग्नामुळे कोणाही वाचकाला खुर्ची सोडावी लागली नाही. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरखालच्या वाचनकक्षात मांडव घालण्यालाही मी याच कारणाने विरोध करीन, कारण तिथे लोक वाचतात.

यावर ती म्हणाली, ‘अप्पा, तुमचा राग भाड्यावर नव्हता, त्या माणसांवर होता. नियम पाळून, पैसे ग्रंथालयाच्याच खात्यात जमा करून कोणी सुट्टीत तुमचा कक्ष मागितला असता, तर दिला असता?’ त्या काळातला मी ‘नाही’ म्हणालो असतो आणि कारण देण्याचीही गरज मला वाटली नसती. आजचा मी अडतो. जुन्या फायलींच्या जतनाला पैसे लागतात, आणि ते कोणी आणून दिले नाहीत, हे मी पाहिले आहे. त्या कोरीव दगडी छताखाली छायाचित्राला उभा राहताना माझी छाती फुगली होती, हेही लपवत नाही; तो फोटो दिवाणखान्यात लावला आहे आणि त्याच्यावरूनच तुमचे प्रश्न सुरू होतात. पण एकदा सुट्टीत दिलेला कक्ष पुढे परीक्षेत मागितला जाणार नाही, याची हमी मला कोणी देईल असे वाटत नाही.

लेकीला मी अजून उत्तर दिलेले नाही. तुमच्यापैकी काहींना माझे उत्तर हवे असते ते निराळ्याच कामासाठी, हेही आता ध्यानात आले आहे. इथल्या महाविद्यालयाचा वाचनकक्ष एप्रिलातल्या मुहूर्तासाठी मिळावा म्हणून माझी शिफारस मागू नका.