आवाज बंद झाला आणि मी फसलो

साताऱ्याच्या घरचा कॉम्प्युटर वर्षभर 'दळत' होता. हा शब्द आईचा. सुरू केला की दहा मिनिटं पिठाच्या गिरणीसारखी घरघर, मग हळूहळू शांत. नानांनी त्यावर उपायही शोधला होता: कॅबिनेटच्या डाव्या अंगाला दोन चापट्या. घरघर तशीही थांबायचीच, पण श्रेय चापट्यांना जायचं.

मशीन २०१२ च्या सुरुवातीला जोडून घेतलेलं. त्याआधी काही महिने थायलंडमध्ये मोठा पूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि जगभर डिस्कचे भाव कडाडले. आम्ही एक टीबीचा बेत सोडून ५०० जीबीवर भागवलं. त्या ५०० जीबीत बारा वर्षांचे फोटो आहेत, आणि नानांचा कुलवृत्तांत. निवृत्तीनंतर गावोगाव फिरून चार शाखांची नावं त्यांनी वहीत उतरवून आणली, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केली, पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावली. २१२ पानं. याची दुसरी कॉपी म्हणजे २०१७ सालचा एक पेनड्राइव्ह, तोही देवघराच्या ड्रॉवरमध्ये.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा म्हटलं, या गिरणीचा एकदा निकाल लावू. मी बँकेत नोकरी करतो, कॉम्प्युटरमधलं शिक्षण शून्य. स्क्रू ड्रायव्हर धरता येतो, एवढंच भांडवल.

कॅबिनेट उघडलं तर आत धुळीची गोधडी आणि कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची दोन टरफलं. ब्रश फिरवला. मग आवाज नेमका कुठून येतो ते शोधायला सोपी युक्ती केली: एकेका पंख्याची वायर काढून मशीन सुरू करायचं. प्रोसेसरवरचा पंखा मात्र काढायचा नाही, तिथे मिनिटभरात तापून बंद पडेल. मागचा पंखा काढला आणि गिरणी थांबली. बेअरिंग सुकलेलं. थंडीत घरघर जास्त आणि गरम झालं की कमी, याचा उलगडाही झाला. बाजारातून नवा पंखा आणून लावला. आई म्हणाली, "आता कसं, घरात कॉम्प्युटर आहे असं वाटतच नाही." मी फराळाच्या ताटावर बसलो तो विजयी मुद्रेनं.

संध्याकाळी नानांनी कुलवृत्तांताचं फोल्डर उघडलं आणि स्क्रीन गोठली. घर शांत होतं, म्हणून पहिल्यांदाच ऐकू आलं: टक. दोन सेकंदांनी पुन्हा टक. मग बारीक 'सुंई', मग टक.

"हा तर पूर्वीपासून येतो," नाना म्हणाले. "फोल्डर उघडताना विचार करतो तो."

म्हणजे वर्षभर पंख्याच्या आवाजाखाली हा दुसरा आवाज झाकलेला होता आणि मी दुपारी भलत्याच रोग्याला बरं करून बसलो होतो.

स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावली आणि टोक डिस्कच्या धातूच्या कडेला टेकवलं. (खालच्या हिरव्या सर्किटला अजिबात लावू नका.) डॉक्टरच्या नळीसारखं स्पष्ट ऐकू येतं. चालत्या डिस्कची एकसुरी गुंजन असते. मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. तबकडी फिरत होती, त्यात खोट नव्हती. टक येत होतं ते हेडचं, म्हणजे तबकडीवरचा मजकूर वाचणाऱ्या बारीक टोकाचं. एखादा सेक्टर, म्हणजे तबकडीवरचा छोटासा कप्पा, वाचता आला नाही की हेड मागे जातं, जागा पुन्हा पकडतं आणि परत त्याच ठिकाणी वाचायला येतं. पुन्हा जमलं नाही की पुन्हा तेच. नाना म्हणतात तो 'विचार' हाच.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात, ती नोंद हे दाखवतं. पिवळ्या रंगात 'सावधान' आलं. खालचा तक्ता बघितला तर चालू राहिल्याचे तास ४४०४. बारा वर्षांत इतकेच? मला बरं वाटलं, डिस्क तशी फारशी वापरलेली नाही म्हणून. 'सी ५' या ओळीत ४८ होते. ही ओळ म्हणजे वाचता न आलेले आणि निकाल न लागलेले सेक्टर. कोट्यवधी सेक्टरांत ४८ म्हणजे किस झाड की पत्ती, असं मी नानांना सांगितलंसुद्धा.

मग एका ओळीत २बी६ असा आकडा दिसला. आकड्यात बी कसा? तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: हे सॉफ्टवेअर मूळ आकडे सोळाच्या पायावर, म्हणजे हेक्समध्ये दाखवतं, तिथे नऊनंतर ए, बी अशी अक्षरं येतात. सेटिंगमध्ये ते दशमान करता येतं. केलं. ४४०४ चे झाले १७,४१२ तास. ४८ चे ७२. आणि २बी६ चे ६९४.

ही शेवटची ओळ म्हणजे वीज अचानक गेल्यावर हेडला घाईघाईनं सुरक्षित जागी परतावं लागलं त्याची मोजणी. लोडशेडिंगचा आमच्या घरचा इतिहास डिस्कनं लिहून ठेवला होता. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली, ती 'पुढच्या महिन्यात' बदलायची होती.

एक ओळ मात्र दिलासा देणारी निघाली. 'सी ७' शून्य. तिथे आकडा चढत असता तर दोष सहसा डेटा केबलचा असतो आणि स्वस्तात सुटका होते. इथे केबलवर संशय घेण्यात अर्थ नव्हता.

यानंतर मी जे केलं त्याची अजून लाज वाटते. विंडोजचं चेकडिस्क लावलं, खराब सेक्टर शोधून दुरुस्त करण्याच्या पर्यायासकट. नाव 'दुरुस्ती' असलं की आपण भुलतो. दोन तास ते ११ टक्क्यांवर अडकून टकटक करत होतं. बंद करून तक्ता पाहिला तर ७२ चे ९६ झालेले. मरणपंथाला लागलेल्या डिस्कचा कोपरान् कोपरा मी तिच्याकडूनच पुन्हा पुन्हा खरवडून घेत होतो.

तेव्हा कुठे पुण्यातल्या मित्राला फोन केला. तो सर्व्हर सांभाळतो. सगळं ऐकून त्याचं पहिलं वाक्य: "आधी वायर काढ. बोलू नंतर." पुढे म्हणाला, 'निदान' हा शब्दच विसर, उलट क्रम लावलास तू. आधी कॉपी, मग काय झालंय त्याची चर्चा. चुलतभावानं फोनवर डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला दिला होता, तो सांगितल्यावर मित्र बराच वेळ हसला. फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कवर दव धरतं. आत हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, तिथे दवाचा थेंब म्हणजे दरड.

नॅनोमीटर म्हणजे किती, हे नानांनी विचारलं. आपला केस हजारो नॅनोमीटर जाड असतो, मी म्हणालो. ते गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे मी चापट्या मारत होतो ते..." मी ६९४ चा आकडा पुढे केला, लोडशेडिंगवर ढकललं. खरं काय ते डिस्कलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी एक टीबीची एक्स्टर्नल डिस्क आणली. पेनड्राइव्हवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम, घातलं आणि मशीन त्यावरून सुरू केलं, म्हणजे आजारी डिस्कवर विंडोज काही लिहिणार नाही. कॉपीला डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर. साधी कॉपी खराब सेक्टरवर अडून बसते. हे तिथून पुढे उडी मारतं, आधी सोपं तेवढं सगळं उचलतं आणि अवघड जागांकडे शेवटी वळतं. जेवणावळीत आग्रह करणारा वाढपी नव्हे, मुकाट पुढच्या पानावर जाणारा. मित्रानं एक गोष्ट तीनदा बजावली: कुठवर आलो याची नोंद, ती मॅपफाइल, एक्स्टर्नल डिस्कवरच ठेव. पेनड्राइव्हवरून चालवलेलं लिनक्स मेमरीत राहतं, वीज गेली की तिथलं सगळं पुसलं जातं.

कॅबिनेटसमोर टेबलफॅन लावला आणि नाना खुर्ची घेऊन बसले. कोजागिरी झाली होती, पण जागरण पुन्हा झालं. पहिले ४०० जीबी भराभर गेले. मग वेग घसरला, टकटक सुरू झाली. वाट बघता बघता मी फोनवर गूगलच्या अभ्यासाबद्दल वाचलं. २००७ साली त्यांनी आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा हिशेब मांडला होता. बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांच्या स्मार्टमधल्या चार मुख्य ओळींत एकही खूण नव्हती. पण स्कॅनमध्ये पहिली चूक सापडली की पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता बिनचूक डिस्कच्या ३९ पट. थोडक्यात, पिवळा रंग दिसला की घाबरावं, आणि निळा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये. आमच्या डिस्कनं तर वर्षभर हाकाही मारल्या होत्या.

रात्री दोनला वीज गेली. नाना अंधारात एवढंच म्हणाले, "सहाशे पंच्याण्णव."

वीस मिनिटांनी आली. डिस्क पुन्हा उठेल का, हीच भीती. उठली. मॅपफाइल दिली आणि काम होतं तिथून पुढे सुरू झालं. त्या मित्राला मी अजून एक जेवण देणं लागतो.

सकाळी नऊला संपलं तेव्हा ५०० जीबीतले जेमतेम दीडशे केबी हाती लागले नव्हते. (डिस्क सुरूच होत नसती, किंवा नुसतीच टकटक करून दिसत नसती, तर यातलं काही घरी करण्यात अर्थ नव्हता. मग डेटा रिकव्हरीवाल्यांकडे जायचं आणि काही हजारांची तयारी ठेवायची.)

गेलेले दीडशे केबी कुठल्या फाइलचे, हे डीडीरेस्क्यू सांगत नाही. उघडून बघावं लागतं. माझ्या लॅपटॉपवर कुलवृत्तांताच्या टिपणांची पहिली फाइल उघडली आणि पोटात गोळा आला: पानभर इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं, मराठीचा मागमूस नाही. दुसरी तशीच. तिसरी तशीच. नानांना हाक मारायचं धाडस होईना. मग लक्षात आलं, फाइली ठणठणीत आहेत, लॅपटॉपवर श्रीलिपीचे फॉन्ट नाहीत. जुना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, नसतो, फॉन्ट नसला की तो असाच दिसतो. कॉपीतल्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून ते उचलले, आणि आजोबांच्या आजोबांचं नाव लख्ख उमटलं. तुमच्याकडे असा जुना मजकूर असेल तर फाइलींसोबत फॉन्टही जपा.

शेवटी नुकसान इतकं: महाबळेश्वरच्या सहलीतले तीन फोटो खालून अर्धे करडे, आणि तिसऱ्या शाखेची पेजमेकर फाइल उघडेना. देवघरातल्या पेनड्राइव्हवर तिची २०१७ ची प्रत सापडली. त्यानंतर घातलेली चौदा पानं नाना वहीतून पुन्हा टाइप करताहेत, या वेळी युनिकोडमध्ये. आई नावं वाचून दाखवते आणि मधेमधे कोण कोणाशी भांडलं तेही सांगते, ते छापायचं नाही.

जुन्या मशीनला एसएसडी बसवली, कॉपी तिच्यावर उतरवली. नानांनी कान लावून पाहिलं.

"आवाजच नाही."

"हिच्यात फिरणारं काहीच नसतं, नाना."

"मग बिघडायला लागली की कळणार कसं?"

मी दोन एक्स्टर्नल डिस्क ठेवल्यात, एक साताऱ्याला, एक माझ्याकडे. कॉपीचा दिवस आईनं ठरवला, कारण तो तिचा कधीच चुकत नाही. कॅलेंडरवर प्रत्येक संकष्टीच्या चौकोनात, चंद्रोदयाच्या वेळेखाली, नानांनी निळ्या शाईनं 'कॉपी' लिहिलंय. यूपीएसची बॅटरी पुढच्या महिन्यात बदलायची आहे.