डिझाइन सोडून टेस्टिंगला का गेले

"अठरा वर्षं रेडिओ डिझाइन केलेत आणि आता टेस्टिंग? तिकडे काही झालं का?" लग्नकार्यात, जुन्या सहकाऱ्यांत, अगदी इंटरव्ह्यूला आलेल्या मुलांकडूनही हा प्रश्न येतो. तुम्ही परत विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते. मला कुणी हलवलं नाही. मी मागून घेतलं.

डिशमागच्या डब्यात बसणारा, ७ गिगाहर्ट्झवर एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगराशी बोलणारा तो रेडिओ. त्यातला सिंथेसायझर, म्हणजे रेडिओची फ्रिक्वेन्सी तयार करणारा भाग, माझा. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे.

सह्याद्रीतल्या एका टॉवरवर थंडी पडल्यावर लिंक तुटायला लागली. चार-पाच मिनिटं जायची, आपोआप यायची. मी पुण्यात बसून निदान केलं: कनेक्टरमध्ये दव शिरतंय. टॉवरवर चढून काम करणाऱ्या रिगरना सांगितलं, लिंक जाण्याआधीच वर जाऊन बसा, कनेक्टरवरची टेप सोडवून बघा, पुन्हा गुंडाळा. माझ्याहून वयाने मोठा माणूस, सहा दिवस पहाटे अंधारात चढला. तिसऱ्या दिवशी फोनवर म्हणाले, "मॅडम, पाणी असतं तर वाळेपर्यंत छळलं असतं. ही पहाटे एकदा जाते आणि ऊन चढताना परत एकदा. मधे तीन-चार तास ठणठणीत." मी म्हटलं, "टेप नीट ताणून लावा."

सहाव्या दिवशी उतरताना ओल्या पायरीवरून त्यांचा पाय सटकला. हार्नेसने झेललं, पण खांदा निखळला. भेटायला गेले तर त्यांनीच विचारलं, "माझ्याकडून टेप सैल राहिली का?" मी म्हणाले, "बघतोय आम्ही."

परत येताना गाडीत त्यांचं बोलणं आठवलं. जाताना एकदा, येताना एकदा. म्हणजे पारा उतरताना आणि चढताना.

तो डबा उतरवून आणला, तापमान हवं तसं बदलता येणाऱ्या टेस्ट चेंबरमध्ये ठेवला आणि रात्री एकटी समोर बसले. तापमान उतरवताना १२ अंशांपर्यंत, फ्रिक्वेन्सी दाखवणाऱ्या स्पेक्ट्रम ॲनालायझरवर रेघ सुईसारखी उभी होती. ११ ला ती पायाशी जाडावली, मग डावीउजवीकडे पळायला लागली आणि लॉकचा, म्हणजे फ्रिक्वेन्सी जागेवर धरल्याचा, हिरवा दिवा विझला. ९ अंशांना पुन्हा सुई, पुन्हा दिवा. मी तापमान वर नेलं. ११ ला पुन्हा तेच.

सिंथेसायझरला ठेका देणाऱ्या क्वार्ट्झ क्रिस्टलमध्ये हे होतं, त्याला ॲक्टिव्हिटी डिप म्हणतात. एखाद्या अरुंद तापमानपट्ट्यात क्रिस्टलचं दुसरंच एक कंपन मुख्य कंपनाशी जुळतं आणि त्याची ऊर्जा खातं. प्रत्येक क्रिस्टलची खोड निराळी, म्हणून बाकीचे डबे बरे होते. पण क्रिस्टलला कंपत ठेवणाऱ्या ऑसिलेटर सर्किटमध्ये पुरेसं मार्जिन, म्हणजे जास्तीची ताकद, असतं तर याही डब्याने तग धरला असता. ते मार्जिन मी कमी ठेवलं होतं.

आणि टेस्ट? उणे २०, अधिक २५ आणि अधिक ६० अंशांना रीडिंग. "तापमान स्थिर झाल्याशिवाय रीडिंग घेऊ नये", हे वाक्य माझंच. प्रत्येक डबा आमच्या चेंबरमध्ये ११ अंशांवरून गेला होता. त्या वेळात आम्ही चहाला जायचो.

माझ्यातली जुनी डिझायनर अजून भांडते. म्हणते, नियम बरोबरच होता, अस्थिर तापमानाला फ्रिक्वेन्सी मोजून अर्थ नसतो. चूक सर्किटमध्ये होती, मग सर्किटच सुधारत बसायचं, चेंबरपाशी कशाला गेलीस? सर्किट मी सुधारलंही. तिला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. एवढंच कळतं की मी जे गणितात मांडलं होतं तेच टेस्टमध्ये शोधत होते. १९५६ च्या पहिल्या अटलांटिकपार टेलिफोन केबलचे रिपीटर, म्हणजे वाटेत सिग्नल वाढवणारे डबे, व्हॅक्यूम ट्यूबवर चालायचे, समुद्राच्या तळाशी. तिथे पहाटे कुणाला चढवता येणार नव्हतं; जे शोधायचं ते आधीच शोधायला हवं होतं. ती केबल १९७८ पर्यंत चालली.

आता आम्ही मिनिटाला अर्धा अंश चढतो आणि सगळा वेळ लॉक नोंदवतो. उणे २० ते ६०, एकशे साठ मिनिटं. उत्पादनवाले चिडतात. त्यांचंही चुकीचं नाही, कारण तीन रीडिंगांत सुटणारे डबे अजूनही बहुतेक चांगलेच असतात.

ते रिगर पुन्हा टॉवरवर चढले नाहीत. टेप घट्टच होती, हे मी त्यांना फोन करून सांगितलं. एवढं सांगायला मला सात महिने लागले.