ट्रॉम्सो ते लॉन्गइयरब्येन: दीड तासाच्या विमानाला अख्खा दिवस द्या

उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून स्वालबार्ड या आर्क्टिक बेटसमूहातल्या लॉन्गइयरब्येन गावाला जायचं ठरलं, तेव्हा घरच्यांचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे किती लांब?" हवाई अंतर साधारण 960 किलोमीटर, मुंबई-दिल्लीपेक्षाही कमी. हिशोब घरबसल्या करता येतो: ट्रॉम्सो 69.7 अंश उत्तरेला, लॉन्गइयरब्येन 78.2 अंशांवर. विमान जवळजवळ सरळ उत्तरेलाच जातं, आणि अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण 111 किलोमीटर, त्यामुळे साडेआठ अंशांना 111 ने गुणलं की अंदाज येतो. उड्डाणाला साधारण दीड ते पावणेदोन तास लागतात. दोन्हीकडे घड्याळ एकच, त्यामुळे तिकिटावरच्या वेळा सरळ वजा करता येतात.

पण खरा वेळ जातो तो जमिनीवर. स्वालबार्ड नॉर्वेचंच असलं तरी शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्राच्या, बाहेर आहे. ऑस्लोहून ट्रॉम्सोमार्गे येणाऱ्यांना ट्रॉम्सोला विमानातून उतरून पासपोर्ट तपासणी करावी लागते आणि मग पुन्हा त्याच विमानात बसावं लागतं. आपल्या पासपोर्टवाल्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: शेंगेन व्हिसा किमान दोन प्रवेशांचा हवा. स्वालबार्डला वेगळा व्हिसा लागत नाही हे खरं, पण एकदा बाहेर पडलात की नॉर्वेत परतताना तो दुसरा प्रवेश ठरतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीचं तिकीट हातात असूनही पंचाईत.

मे महिन्यात गेलो होतो. खिडकीची जागा आग्रहाने मागून घ्या. बराच वेळ खाली नुसता समुद्र नाहीतर ढग. निम्म्याहून थोडं पुढे गेल्यावर ब्यॉर्नॉया बेटाच्या आसपास आपण असतो, पण ते दिसलं तर नशीब. मग एकदम पांढरे सुळके सुरू होतात आणि विमानातली कुजबुज थांबते. लॉन्गइयरब्येनची धावपट्टी कायम गोठलेल्या जमिनीवर बांधली आहे, विमानतळ 1975 चा. ती जमीन विरघळली की धावपट्टी उंचसखल होते, म्हणून डागडुजी सतत चालू असते. सामानाच्या पट्ट्यावर भुसा भरलेलं पांढरं अस्वल उभं आहे. फोटो काढा, पण बाहेरचा अस्वलांचा इशारा गमतीत घेऊ नका. वस्तीबाहेर जायचं तर बंदूकधारी वाटाड्या हवाच.

गावात जायला विमानांच्या वेळेनुसार बस असते, त्यामुळे टॅक्सीची धावपळ नको. धुक्यामुळे उतरता आलं नाही तर विमान मुख्यभूमीकडे परतू शकतं, तेव्हा परतीच्याच दिवशी ऑस्लोहून भारताचं विमान धरू नका, मधे एक रात्र ठेवा. विमा घेताना बचावकार्याचा खर्च त्यात आहे ना, हे वाचून घ्या. गावातलं रुग्णालय छोटं आहे आणि गंभीर रुग्णाला हेच अंतर उडून ट्रॉम्सोला न्यावं लागतं.

अजून उत्तरेला नी-ऑलेसुंड आहे. तिथे 2008 पासून भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे. लॉन्गइयरब्येनहून छोटं डॉर्निअर विमान अर्ध्या तासाच्या आत तिथे पोचतं, मात्र ते संशोधक आणि तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी. पर्यटकांनी उन्हाळ्यातली बोट बघावी, आणि तिथे फोनचं वायफाय-ब्लूटूथ बंद ठेवायची तयारी असू द्यावी. रेडिओ दुर्बिणींना त्याचा त्रास होतो.