लिंबच्या विहिरीचा फोटो कॉमन्सवर टाकताना आलेला माझा अनुभव

साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटेची विहीर आहे, विरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 मध्ये बांधून घेतलेली, आत चक्क महाल आहे. मराठी विकिपीडियावर तिचा चांगला फोटो असावा असं मला फार वाटायचं. माझ्या मामांनी कॅमेऱ्यावर काढलेला एक झकास फोटो होता, तो त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवला आणि मी विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे सगळ्या विकिपीडियांच्या सामायिक फोटोसाठ्यावर, चढवला. फोटो तिथे टाकला की मराठी, इंग्रजी, हिंदी, कुठल्याही विकिपीडियात तीच फाइल वापरता येते, परत परत अपलोड करावी लागत नाही.

चूक माझी एकच झाली, फॉर्ममध्ये 'स्वतःचं काम' वर टिक केली. घरचाच फोटो आहे, मामांनी दिलाय, मग काय अडचण, असं वाटलं. पण लेखक म्हणून नाव मामांचं लिहिलेलं, त्यामुळे फाइलवर परवानगी नसल्याची पाटी लागली, 7 दिवसात पुरावा द्या नाहीतर फाइल काढली जाईल. मी खूप घाबरले. मग वाचत बसले तेव्हा कळालं की फोटो आपल्याजवळ असणं वेगळं आणि त्याचा कॉपीराइट असणं वेगळं, तो सहसा ज्यानं फोटो काढला त्याचाच असतो, आणि परवानगीसुद्धा त्यानंच स्वतःच्या ईमेलवरनं पाठवायची असते. मी पाठवून चालत नाही.

मामांकडे गेले. "अगं, तुला दिला की फोटो, अजून काय लिहून द्यायचं?" मग मी त्यांना सीसी बाय-एसए 4.0 लायसन्स, म्हणजे फोटो ज्या अटींवर सगळ्यांना वापरायला खुला होतो तो परवाना, नीट समजावलं, कारण हे न सांगता सही घेणं मला पटत नव्हतं. कुणीही वापरेल, बदलेल, कॅलेंडरवर छापून विकेलसुद्धा, फक्त तुमचं नाव द्यावं लागेल आणि बदललेला फोटोही त्याच लायसन्सखाली ठेवावा लागेल, आणि एकदा दिलं की परत घेता येत नाही. मामा बराच वेळ गप्प. "नाव राहतंय ना? मग दे." तिथेच बसून त्यांनी ठरावीक मजकुराचं ईमेल पाठवलं. कॉमन्सच्या स्वयंसेवकांनी ते तपासलं आणि पाटी निघाली.

व्हॉट्सॲपवरनं आलेला फोटो आक्रसून बारका झालेला, म्हणून मामांकडनं मूळ फाइल घेतली आणि त्याच नावावर नवीन आवृत्ती म्हणून चढवली. यात एक ध्यानात ठेवा, तशी आवृत्ती बदलली की जिथे जिथे ती फाइल आहे तिथे सगळीकडे बदलते, म्हणून दुसराच फोटो असेल तर वेगळ्या नावानंच टाकायचा. मला आधी जुनाच दिसत होता, पान पर्ज केल्यावर, म्हणजे साठवलेली जुनी प्रत काढून टाकल्यावर, नवीन आला.

लेखात मी [[चित्र:...|इवलेसे]] (इवलेसे म्हणजे लघुचित्र) एवढंच लिहिलं आणि पिक्सेलचा आकडा मुद्दाम दिला नाही, कारण लघुचित्राचा आकार खातं असलेला वाचक आपल्या 'पसंती'च्या सेटिंगमध्ये ठरवू शकतो, आपण ठोकून दिला की त्याचं सेटिंग चालतच नाही.

मामांनी आता स्वतःचं खातं उघडलंय. संगम माहुलीच्या देवळांचे त्यांचे फोटो आहेत, ते त्यांच्याच खात्यावरनं मूळ फाइलनिशी चढवायचेत.